शंभराव्या दिवसाचा मिक्सर

नांदेड सोडून लातूरच्या डाळमिलमध्ये मी पॅकिंगचा सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा फाटकाजवळचा फळा माझ्याच सुपीक डोक्यातून निघाला. ‘अपघाताविना सलग दिवस’ असं वर लिहिलेलं आणि खाली आकडा. तो रोज सकाळी मी स्वतः खडूने लिहायचो. शंभर भरले की विभागातल्या प्रत्येकीला एक मिक्सर. मध्येच कुणाला लागलं, तर सगळ्यांचंच पुन्हा शून्यापासून. मालक खूश, बायका खूश. येता-जाता त्या आकड्याला हात जोडायच्या. मला वाटायचं, माणसं कामाला जीव लावतात ती अशी.

सत्त्याण्णवाव्या दिवशी एका पोत्यावर रक्ताचा डाग दिसला.

पोत्यांची तोंडं शिवायच्या मशीनवर मुदखेडकडची एक मावशी असायची. तिने डाव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळली होती.

“काय झालं मावशी?”

“काय न्हाई साहेब. सकाळी भाजी चिरताना इळी लागली.”

मशीनची सुई टोकाला मोडलेली होती. ती मी पाहिली, आणि मी पाहिली हे मावशीनेही पाहिलं. भोवतीच्या बायकांचे हात थांबले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “लिहू नका साहेब. तीनच दिस ऱ्हायलेत.”

मी अपघाताच्या वहीत काही लिहिलं नाही. बायकांसाठी गप्प बसलो, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे शंभराव्या दिवशी मालक सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटणार होते, तेही डोळ्यांपुढे होतं.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी बोट टम्म सुजलं होतं. बायकांनी मशीन आपल्याकडे घेतलं आणि मावशीला नुसतं बसवून ठेवलं. मी तिकडे वळलो की दोघी-तिघी मध्ये उभ्या राहायच्या आणि उगाच काहीतरी विचारायच्या. दिवसभर माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

नव्व्याण्णवाव्या सकाळी मावशीचा हात कोपरापर्यंत लाल झाला होता. अंगात ताप. दोघींच्या आधाराने ती फाटकातून आत आली आणि माझ्या हातातल्या खडूकडे बघत म्हणाली, “एकच दिस हाय साहेब. उद्या जाते दवाखान्यात.”

मला भयंकर संताप आला. तिचा, बायकांचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. फळ्यावर भलंमोठं शून्य काढलं आणि तिला रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बोटातून सुईचा तुकडा काढला आणि तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, “उद्या आणली असतीत तर बोटच काढावं लागलं असतं.”

बोट वाचलं. मालकांची बोलणी खाल्ली, फळा खाली उतरवला, आणि आपण सुटलो असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी मावशी कामावर आली. जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडच्या बायका गोल करून बसतात. कुणाची भाकरी, कुणाची चटणी, सगळं मधोमध ठेवायचं. स्वतःचा डबा स्वतः कुणी खात नाही. त्या दिवशीही गोल बसला होता. मावशी मात्र पोत्यांच्या थप्पीआड एकटीच भाकरी मोडत होती. तेव्हा तिला माझ्यापासून लपवणाऱ्या बायकांनी आता तिच्याकडे पाठ केली होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “मावशी, बोट वाचलं हे बरं झालं.”

तिने ते बोट उलटंसुलटं करून पाहिलं.

“हाव. लई उपकार झाले साहेब,” ती म्हणाली. “पर नऊ बोटांची असते, तर तिकडं बसून जेवले असते.”