गरम टॉर्च, थंड बादली

आमची मुलगी हिंदी मुलखातच वाढली आणि इथल्याच उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला लागली, त्याला आता वर्ष होईल. तापलेल्या सळया थंड करायला तिथं जे पाणी सोडतात, ते जमिनीखालच्या एका अंधाऱ्या खड्ड्यात जमतं. रोज सकाळी त्यात उतरायचं, टॉर्च पाण्यात बुडवून धरायची आणि पंपाच्या जाळीत कचरा अडकला का ते बघायचं, हे तिचं काम. पहिल्याच महिन्यात तिच्या दोन टॉर्च त्या खड्ड्यात विझल्या. साहेब हसत हसत म्हणाले, तिसरी विझली तर मॅडम, तुम्ही ऑफिसात बसून रजिस्टरच सांभाळा. त्या दिवशी पोरगी घरी येऊन जेवली नाही.

मी रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. मी स्क्रू पिळायला हातात पेचकस धरला की आमची बायको आधी मेन स्विच बंद करते. तरी छाती फुगवून म्हणालो, "नवी टॉर्च आण, दे मले. मी पाहतो."

टॉर्च दणकट होती, पाकिटावर वॉटरप्रूफ लिहिलेलं. समता कॉलनीतल्या आमच्या घरामागं मी बादली भरली, टॉर्चच्या आत टिश्यू पेपरची घडी ठेवली आणि अर्धा तास बुडवली. कागद कोरडा ठणठणीत. वरून खबरदारी म्हणून काचेभोवतीच्या रबरी रिंगला खोबरेल तेल चोपडलं. दोन दिवसांत रिंग भिजलेल्या शेवईसारखी फुगून बाहेर आली. पुरानी बस्तीतल्या कुकर दुरुस्त करणाऱ्यानं नवी रिंग दिली, सोबत बोटभर सिलिकॉन ग्रीस दिलं, आणि "अंकल, तेल रबर को खा जाता है" असं चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. बादलीत टॉर्च पुन्हा पास झाली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली ती तोंड पाडून. "पापा, अंदर पानी आ गया. बंद नहीं हुई, टिमटिमा रही थी. किसी को बताया नहीं मैंने."

बायको तिचा डबा भरत होती. तिनं विचारलं, "खड्ड्यात उतरायच्या आधी कुठं असतं तू?"

"भट्टी के पास. टॉर्च इतनी गरम हो जाती है कि पकड़ी नहीं जाती."

"मंग काय जी!" बायको माझ्याकडे वळली. "गरम भाजीवर झाकण घट्ट लावलं, तर थंड झाल्यावर डबा उघडते का? आतून ओढून धरते. तुमची टॉर्च पाणी ओढून राहिली असन."

आणि मी इतके दिवस गार टॉर्च गार पाण्यात बुडवून स्वतःची पाठ थोपटत होतो!

मग गच्चीच्या पत्र्यावर टॉर्च उन्हात तापवली आणि गार पाण्यात सोडली. कागद ओलाचिंब. आपलीच टॉर्च नापास झाल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आता फट शोधायची. गार टॉर्च गरम पाण्यात धरली, तर आतली हवा फुगून बुडबुडे निघाले, आणि निघाले ते बटणाच्या रबरी टोपीतून. मी बापडा काच चोपडत बसलो होतो. टोपी बदलली, तिच्याखाली एक बारीक रिंग आणि ग्रीस घातलं. पाच वेळा तापवली, पाच वेळा बुडवली. कागद कोरडा.

इथं मला एक कबूल करायचं आहे. पोरगी ऑफिसात बसावी, असं मला मनातून वाटत होतं. त्या संध्याकाळी मी बटणाखालची रिंग काढून खिशात टाकली. टॉर्च विझेल, साहेब हसतील, पोरगी चार दिवस रडेल आणि मग जन्मभर पंख्याखाली बसेल. चहा होईपर्यंत रिंग खिशातच होती. मग दाराशी तिचे बूट दिसले. सकाळसाठी तिनं ते घासूनपुसून ठेवले होते. मला माझीच लाज वाटली. मी उठलो आणि रिंग होती तिथं बसवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, चिखलानं माखलेली आणि भलती खुशीत. "एकदम मस्त चली, पापा!" हात धुऊन ताटावर बसली. दोन पोळ्या झाल्यावर सहज म्हणाली, "जाते टाइम जिस लोहे की प्लेट पे पैर रखा था ना, लौटते में देखा तो वो खिसक के पानी में चली गई थी. नीचे बहुत गहरा है. टॉर्च जल रही थी, तो दिख गया, लाँघ के आ गई."

बायकोनं कपाळाला हात लावला आणि तिला तिसरी पोळी वाढली. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"पापा, खा क्यों नहीं रहे?" पोरीनं विचारलं.

"खातो ना," मी म्हणालो. डाव्या हातानं खिसा चाचपून पाहिला. रिकामाच होता.