शेजाऱ्यांची गोरसी

हुडको वसाहतीतील आमचे शेजारी पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवरून, निवृत्त झाले, परंतु उष्णतेवरील त्यांची निष्ठा काही निवृत्त झालेली नाही. पौषात मला नातू झाला, तेव्हापासून ते रोज एक पांघरूण आणतात. बाळाला अंगभर कपडे आहेत, झोपेत त्याच्या तोंडावर काही येऊ नये, असे मी रोज विनवतो. ते मान डोलावतात आणि दुलई त्याच्या नाकापर्यंत ओढतात.

काल दुपारी पूजा आटोपून पाहतो तो बाळाची खोली बंद, आणि आत बाळाजवळ शेजारी बसलेले, समोर निखाऱ्यांनी भरलेली गोरसी, म्हणजे मातीची शेगडी.

"अहो, जन्मभर विषारी गॅसपासून माणसे जपलीत, आणि येथे बंद खोलीत हे?" मी म्हणालो.

"काकाजी, तो प्लांटचा गॅस होता. हा तर घरचा कोयसा आहे ना!"

माझा संयम तेथे संपला. सूनबाईने बाळाला बाहेर नेले. मी गोरसी अंगणात ठेवून दारे-खिडक्या उघडल्या. खोलीतली हवा स्वच्छ झाल्यावर बाळ पुन्हा पाठीवर निजले. शेजाऱ्यांनी त्याच्या मानेला हात लावून पाहिला.

"गरम तर आहे," ते पुटपुटले आणि थेट उंबरठ्यावर बसले. "आता हवा मी अडवतो. मले असे काऊन पाहून राहिले?"

उंबरठ्यावर बसणे अशुभ; पण गोरसीपेक्षा हे बरे, म्हणून मी त्यांना बसायला पाट आणून दिला.