एका चालीसाठी टाकलेल्या राण्या

हातातली पानं टाकून देण्यात बोसनमामाइतका आनंद कुणाला होत नसेल. वाटलेली दोन पानं कोपऱ्यातून उचलून बघायचा, नाक मुरडून पुढे सरकवायचा आणि मांडीवरचं जाळं पुन्हा विणायला घ्यायचा. "खेलायला आलास का जाली शिवायला?" असं कुणी डिवचलं की म्हणायचा, "वाईट पानं धरून बसन्यापरीस फाटकी जाली बरी."

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. मालवाहू जहाजावर बोसन होता, डेकवरच्या खलाशांचा मुकादम. ठरलेल्या चालीचा पोकर, दोन पानं हातात आणि पाच सगळ्यांसाठी उघडी, तो तिथे शिकला आणि तारापूरजवळच्या आमच्या गावात घेऊन आला. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. तेव्हा दर रविवारी दुपारी जाळ्यांच्या शेडमध्ये स्पर्धा रंगायची. पैसे नाहीत, चिंचोके. सगळ्यांना सारखे वाटायचे, ज्याचे संपले तो बाहेर. एका वेळी किती चिंचोके लावायचे, म्हणजे चाल केवढी, हे ठरलेलं, दर रविवारी ती वाढायची. शेवटी उरेल त्याला मान एकच: पुढच्या वर्षी खेळात कुणाला नव्याने बसवायचं ते त्याने सांगायचं.

मला त्या खेळात बसायचं होतं. आमच्या गावातल्या बायकांनी शेडमध्ये चहाची किटली घेऊन जायचं आणि रिकामे कप घेऊन परत यायचं, एवढाच त्यांचा पोकर. मामाने मात्र मला ओटीवर बसवून खेळ शिकवला. शिकवणं कसलं, ओरडणंच ते. "सुरवातीला चाल बारकी हाय, तवा मोठेपना नको. पुडं चाल वाढते, लोकांचे चिंचोके वितलतात. तवा तुज्याकडं उरले पायजेत!" मी उगाच थाप मारून चाल वाढवली की कपाळावर हात मारायचा. "एका ठरलेल्या चालीला कोन भितो गो? हितं भीती घालता येत नाय कोनाला."

त्याचा सगळ्यात जास्त राग शेवटच्या पानावर निघायचा. पाचवं पान उघडं पडलंय, मध्ये चिंचोक्यांचा ढीग जमलाय, समोरच्याने एकच चाल सरकवलीय आणि आपल्या हातात बरी पानं आहेत. अशा वेळी पानं टाकायची नाहीत. ढीग मोठा, द्यायची एक चाल. मी एकदा घाबरून टाकली, तर अख्खा पत्त्यांचा जोड उधळून तो उठला. "तितं टाकनारा गाढव!"

त्या वर्षी शेवटी दोघेच उरले, मामा आणि जना तांडेल. मामाने आधीच जाहीर केलं होतं, जिंकलो तर भाचीला बसवणार. चहा चालू असताना जना सगळ्यांदेखत म्हणाला, "बाईमानूस बसली तर आमी सगले उटू. मग खेल एकटा." बाकीचे आपापल्या कपात बघत राहिले. मी किटली घेऊन तिथेच उभी होते. मामाने कप खाली ठेवला.

पुढच्याच डावात दोघांचेही जवळजवळ सगळे चिंचोके मध्ये गेले. पाचवं पान पडलं. जनाने एक चाल सरकवली. मामाने पानं पालथी टाकली. जनाने हसत आपली पानं दाखवली, सत्त्यांची जोडी. मी मामाची पानं उलटली. दोन राण्या. तिसरी उघड्या पानांत पडलेली होती, म्हणजे डाव मामाचाच होता. उरलेले चार चिंचोके पुढच्या डावात गेले आणि जना जिंकला.

घरी पोचताच मी किटली आदळली. मग विचारलं, "आता गाढव कोण?"

"खेल मोडला असता गो. पावसात ही मानसं करनार काय? पिऊन पडतील."

"मोडू दे! माझ्याशिवाय चालतो आणि मी आले की मोडतो, असला खेळ ठेवायचा कशाला?"

"पुडच्या वर्षी बगू."

त्या 'बगू'चा संताप अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. पालघरहून नोकरी करून परतले की रोज मी त्याच्याशी भांडायचे. तो खाली मान घालून जाळं विणत राहायचा. दिवाळीनंतर एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि बोईसरच्या दवाखान्यात पोचायच्या आत मामा गेला. भांडण तसंच राहिलं.

पावसाळा लागला आणि जना तांडेल आमच्या दारात आला. "मामाची जागा रिकामी हाय. मी तुजं नाव सांगतो. मामाचं रगत हाय तू."

"गेल्या वर्षी बाईमाणूस होते, आता रक्त झाले?" मी इतकी ओरडले की आई चुलीपासून धावत आली. जना पायरीकडे बघत म्हणाला, "तवाची गोस्ट येगली."

रविवारी मी गेले. मामाच्या खुर्चीला त्यांनी हार घातला होता. त्या खुर्चीत मी बसले नाही. घरची प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन गेले होते, ती बरोबर जनाच्या समोर मांडली आणि म्हणाले, "ही माझी. मामाची भाची म्हणून नाही, मी बाईमाणूस म्हणून बसतेय. उठायचं त्याने आत्ता उठावं."

कुणी खाकरलं, कुणी विडी विझवली. जनाने पत्ते पिसले आणि वाटले. एकही माणूस उठला नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते निव्वळ रागाचं. असल्या पोकळ धमकीला मामा भ्याला होता, आणि हे त्याला तोंडावर सांगायला तो जिवंत नव्हता.