पथ्य बदलणाऱ्या मावशी

आजाऱ्याच्या घरी गेल्या, की मावशी आधी पाणी मागायच्या. मूल कसं आहे, काही खाल्लं का, ते सगळं मागाहून. चपला काढून ओट्यावर टेकायच्या आणि म्हणायच्या, "बाय, वाईच पानी दे." मला राग यायचा. मळवली स्टेशनापासून डोंगरातल्या वाडीपर्यंत दोन तास पाय तोडत यायचं ते काय पाणी प्यायला? पण पोराच्या उशाशी दिवस दिवस खिळून बसलेली आई तेवढ्या मागण्याने उठायची, तांब्या घासायची, पदर सावरायची. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

मावशी भाजे गावच्या. धर्मांतराच्या वर्षी त्यांचं घर बौद्ध झालं होतं. काही घरांत त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. त्या निमूट पीत आणि पुढच्या खेपेला पुन्हा मागत. मी एकदा चिडून बोलले, तर म्हणाल्या, "तिचं पोर जातंय बाई. माझं मानपान मी घरी ठिवून आले."

दवाखान्यात मावशी आयाबाई होत्या आणि मी नवी नर्स. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी "घरी न्या" म्हणून परत पाठवलेली पोरं आमच्या वाट्याला यायची. कळ कमी करायची गोळी, पाठीला तेल, जखम धुणं आणि आईबापांजवळ बसणं, याहून जास्त आमच्या हातात काही नव्हतं. त्या कामाने मी इतकी दमायचे, की खोलीवर आल्यावर स्टोव्ह पेटवायचाही कंटाळा यायचा. मावशी दमत नसत असं नाही. परतताना ओढ्यात पाय सोडून बसायच्या आणि "आज लय जड झालं" एवढंच म्हणायच्या.

बेडसे गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीत आठ वर्षांची ठकी होती. मूत्रपिंडं निकामी झाली होती, अंगावर सूज होती. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. तिची आई ते पथ्य देवाच्या व्रतासारखं पाळायची, अळणी पेज, अळणी भाकरी. चैत्र होता. दारातला आंबा कैऱ्यांनी लगडला होता आणि ठकी दिवसभर एकच मागायची, मीठ लावून कैरीची फोड. आई तोंड फिरवायची.

पुण्याहून चिठ्ठी आली, की आता पथ्याचा उपयोग नाही. मी वाडीवर गेले आणि शहाणपणा करून म्हणाले, "आता तिला काय मागेल ते द्या."

ठकीच्या आईने माझ्याकडे बघितलं. "म्हंजी तुमी हात टेकलं," ती म्हणाली. लेकीला उचलून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

उतरताना मी रडत होते. मावशी रागावल्या नाहीत. "ते वाक्य कंदी बोलायचं न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "त्याचा अर्थ हितल्या समद्या आयांना ठावा हाये. मीठ बंद हाय तवर तिची आशा हाय. ती कशी सोडंल?"

पुढचे पाच दिवस मावशी एकट्याच वाडीवर गेल्या. दार उघडत नव्हतं. त्या ओट्यावर बसून तिथे पडलेली ठकीची फाटकी गोधडी शिवत राहिल्या. आतून पोरीचं कैरीचं मागणं ऐकू यायचं. सहाव्या दिवशी मीही गेले. दार किलकिलं झालं, तसं मावशींनी आधी पाणी मागितलं. ओंजळीत वरून ओतलेलं पाणी पिऊन साध्या आवाजात म्हणाल्या, "पुन्याहून सांगावा आलाय. पथ्य सुटलेलं न्हाई, बदललंय. आता सकाळ-संध्याकाळ भाकरी आन् मीठ लावून कैरीची फोड. येळ चुकवायची न्हाई."

"किती दिस?" आईने विचारलं.

"तिला पायजेल तवर."

आईने स्वतः विळीवर कैरी चिरली. ठकीने फोड चोखली, डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं केलं आणि हसली. त्या घरात मी पहिल्यांदाच हसू ऐकलं. नऊ दिवस ते पथ्य चाललं, एकही वेळ चुकली नाही. दहाव्या दिवशी दुपारी तिने आईच्या मांडीवर प्राण सोडला.

त्या खोट्याचा सल मला पुढे कैक वर्षं होता. आईला फसवलं, असं वाटायचं. मावशींना विचारलं, तर त्या नुसत्या पायाला तेल चोळत राहायच्या.

मावशी वारल्या तेव्हा मी भाज्याला गेले. दारात माणसं बसली होती. त्यांत ठकीची आई होती, केस पांढरे झालेले. इतक्या वर्षांनी माझी जीभ सैल झाली. म्हटलं, "ते पथ्याचं खरं नव्हतं हो. पुण्याहून तसं काही आलं नव्हतं."

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "तवाच ठावं व्हतं. पन न्हाईतर मी आपल्या मनानं मीठ दिलं, असं मला जल्मभर वाटलं असतं. मावशीनं ते आपल्या अंगावर घेतलं."

मग ती ओट्यावर टेकली. मावशींच्या सुनेकडे बघून म्हणाली, "बाय, वाईच पानी दे."

सुनेने तांब्या आणला. ठकीच्या आईने तो हातात घेतला आणि तोंड लावून प्यायली.