तांदळाच्या पिंपामागचा राउटर

वायर जळाल्याचा वास आला की मला तलासरीत एका घरात भरलेली ती सभा आठवते. जमिनी कुणाच्या घशात चालल्यात हे आमच्या संघटनेच्या ताई बोलत होत्या आणि मी खिडकीत ठेवलेल्या मोबाईलवरून ते पाड्यापाड्यांत थेट दाखवत होतो, तेवढ्यात त्या जमिनींवर डोळा असलेल्या कंत्राटदाराची भाडोत्री माणसं तोंडाला रुमाल बांधून, लोखंडी पाइप घेऊन घुसली. पहिला घाव भिंतीवरच्या राउटरवर. ठिणग्या उडाल्या, धूर झाला. "आता कर लाईव्ह," म्होरक्या म्हणाला आणि बिनधास्त रुमाल खाली ओढला. मग त्याने ताईंचा उजवा हात टेबलावर दाबून पाइप हाणला. हाड मोडल्याचं मी कानांनी ऐकलं. त्या मूर्खाला कुठे ठाऊक की आम्ही राउटरही मोर्च्यासारखे लावतो, पुढचा पडला की मागच्याने झेंडा घ्यायचा. स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागे दुसरा राउटर होता, बॅटरीवर, वेगळ्या इंटरनेट लाइनवर. पहिला त्याला सारखं "मी आहे" असं कळवत असतो. ते थांबलं, तसा दुसऱ्याने पहिल्याचाच नेटवर्कवरचा पत्ता स्वतःकडे घेतला आणि अडकलेलं चित्र पुन्हा चालू झालं. पाइप दुसऱ्यांदा वर गेला आणि म्होरक्याचा फोन वाजला. त्याची आई इतकी ओरडत होती की आम्हालाही ऐकू आलं, "मेल्या, सोड त्या बाईला. अख्खा पाडा बघतोय तुझं थोबाड." पाइप टाकून तो पळाला. ताईंच्या त्या हाताची मूठ आजही वळत नाही. घोषणेला त्या आता डावी मूठ उचलतात.