बाबांनी बोलावलेलं बदक

शेजारच्या बाईंनी विचारलं मला. उत्तर दिलं बाबांनी, आणि तेही मी तोंड उघडायच्या आत.

एप्रिल संपत आला होता. आमच्या पापाकुऱ्यात, दक्षिण गोलार्धात, तेव्हा शरद असतो, झाडं पिवळी पडतात आणि सकाळी गाडीच्या काचेवर दव साचतं. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच नागपूरहून आमच्याकडे राहायला आले होते. सकाळी बुद्धवंदना, मग चहा, मग कुंपणापाशी उभं राहून शेजारच्या बाई काय करतात ते पाहणं, असा त्यांचा दिनक्रम बसला होता. बाई सत्तरीच्या पुढच्या. आयुष्यभर शाळेची बस चालवलेल्या, त्यामुळे आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा. सुरुवातीला बाबा त्यांना 'जय भीम' म्हणायचे आणि त्या इथल्या पद्धतीनं 'किया ओरा' म्हणायच्या. पंधरवड्यात ते उलटं झालं, आणि दोघांनाही त्याची मजा वाटायला लागली.

त्या दिवशी बाई अंगणात टब घेऊन प्लास्टिकची बदकं धूत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "शनिवारी बदकांचा सीझन सुरू होतोय. पहाटे अंधारात गाडी चालवायला आता डोळे साथ देत नाहीत. मला खाडीवर सोडशील का? हवं तर थांबही माझ्यासोबत."

त्यांचे यजमान मागच्या हिवाळ्यात वारले होते. नाही कसं म्हणायचं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात कुंपणाच्या अलीकडून बाबा म्हणाले, "येस, येस. वुई कम."

घरात आल्यावर मी म्हटलं, "बाबा, शिकार आहे ती. बंदुकीनं बदकं मारतात."

"समजलं मला. खेळायला थोडीच धुऊन राहिली ती बदकं?"

"आणि तुमचं पंचशील?"

"मी कुठं मारून राहिलो? मी पाहायला चाललो." त्यांनी चहाचा कप विसळला, पालथा घातला. "अख्खी नोकरी त्या कारखान्यात गेली, पोरी. बंदूक उडताना एकदाही पाहिली नाही."

बाबा नागपूरजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. लहानपणी मी विचारायचे, तुम्ही तिथं काय करता? ते म्हणायचे, "डबे तपासतो." बरीच वर्षं मला वाटत होतं की बिस्किटांचे डबे, आणि एकही बिस्किट घरी का येत नाही म्हणून मी रुसायचे. आई त्यांचे खाकी कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. त्या कपड्यांना एक वास असायचा, लोखंडाचा म्हणावा तर तसा नाही, फटाक्याचा म्हणावा तर तसाही नाही. मोठी झाल्यावर कारखाना कसला ते कळलंच, पण तोपर्यंत न विचारायची सवय पडून गेली होती. मी लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या रक्तात काय आहे ते शोधते. बापानं आयुष्यभर हातांनी काय केलं, हे मात्र मला माहीत नव्हतं.

शनिवारी उजाडायच्या आधी आम्ही निघालो. बाबांनी बाईंच्या यजमानांचं हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं जॅकेट घातलं होतं. आतून दोन स्वेटर, डोक्याला माझ्या नवऱ्याची माकडटोपी, पायात उसने गमबूट. मागच्या सीटवर बाईंचा म्हातारा काळा लॅब्राडोर बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होता. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या कुरणातून गाडी खाली नेली की थेट मानुकाऊची खाडी लागते. ओहोटी होती. खारफुटीच्या पलीकडे नुसता चिखल, आणि त्यात जिथं तिथं पाणी चमकत होतं.

काठाला फळ्या, जुने पत्रे आणि वर गवत टाकून केलेलं एक खोपट होतं. शिकाऱ्यांच्या अशा लपायच्या जागेला इथे 'माईमाई' म्हणतात.

"माईमाई?" बाबांनी मला विचारलं. "कोणाची माई?"

आमच्याकडे माई म्हणजे आई, हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, शब्द कुठून आला ते नक्की ठाऊक नाही, पण तिच्या पोटात शिरलं की ऊब लागते, तेव्हा तुमचाच अर्थ बरोबर असेल.

खऱ्या बदकांना भुलवायला बाईंनी ती धुतलेली बदकं उथळ पाण्यात सोडली आणि आम्ही आत बाकावर ओळीनं बसलो. मग दूरवर, खाडीच्या त्या बाजूला, पहिला बार झाला. पाठोपाठ आमच्या डावीकडे, मग आणखी कुठेतरी. सगळ्या काठानं माणसं लपून बसली होती आणि वेळ होताच सुरू झाली होती. बाबा पहिल्या आवाजाला दचकले. नंतर मान वळवून प्रत्येक आवाज कुठून आला ते पाहायला लागले.

"हा जवळचा. हा लांबचा. याला प्रतिध्वनी आहे, म्हणजे समोर टेकडी असेल. विचार त्यांना, टेकडी आहे का?"

टेकडी होती.

त्यांचे प्रश्न संपेनात. छर्रे शिशाचे असतात का? नाही, पाण्यावर शिसं चालत नाही, पाखरं ते खातात आणि मरतात, म्हणून पोलादाचे. बंदूक दुनळी का? एक हुकला तर दुसरा. कुत्रा आवाजाला भीत नाही का? आता त्याला अर्धं ऐकूच येत नाही. मी इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत होते. बाई खुशीत होत्या. एवढे प्रश्न त्यांना बहुधा बऱ्याच दिवसांत कुणी विचारले नसावेत.

"तुमचे मिस्टर नेम चांगला धरायचे?" बाबांनी विचारलं.

"तो? छे! बंदूक कायम माझी. तो बदकांना बोलवायचा." बाईंनी खिशातून बोटाएवढी लाकडी पिपाणी काढली. "मला नाही जमत. मी वाजवली की येणारी बदकंसुद्धा परत जातात."

बाबांनी हात पुढे केला. पिपाणी उलटसुलट करून पाहिली, तिच्या आतली पातळ पट्टी नखानं हलवून पाहिली. बाईंनी फुंकायची खूण केली. पहिल्या फुंकेला थंडीत न सुरू होणाऱ्या स्कूटरसारखा आवाज निघाला. बाई इतक्या हसल्या की कुत्रा उठून उभा राहिला. गालांनी नाही, पोटातून हवा सोडायची, त्यांनी दाखवलं. बाबांनी डोळे मिटून पुन्हा फुंकलं. आणखी एकदा. आणि मग अचानक त्या खोपटात एक खरंखुरं बदक बोललं.

समोर करड्या आभाळात तीन बदकं आडवी चालली होती. ती वळली.

"वळली!" बाबा कुजबुजले. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. त्यांनी पुन्हा बोलावलं. बदकं एक फेरी घेऊन खाली आली, पंख ताणले, पाय पुढे केले. आमच्या प्लास्टिकच्या बदकांत उतरायलाच निघाली होती ती.

बाई उभ्या राहिल्या. दोन बार झाले.

दोन बदकं सरळ वर गेली. एक दगडासारखं खाली पडलं. कुत्रा चिखलातून गेला, सावकाश, शेपटी हलवत, आणि ते तोंडात धरून घेऊन आला. तपकिरी मादी होती. बाईंनी तिची मान चाचपून पाहिली, संपली होती. बाबांनी दोन्ही हात पुढे केले तेव्हा त्यांनी काही न विचारता ती त्यांच्या ओंजळीत दिली.

"गरम आहे अजून," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "मी बोलावलं म्हणून आली ही."

मी हे इंग्रजीत सांगितलं नाही. बाईंनी विचारलं, "काय म्हणतायत?" मग सांगावंच लागलं. मला वाटलं, त्या म्हणतील, मनाला लावून घेऊ नका, बदकं येतातच. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. "हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलावलं म्हणूनच आली. माझ्या नवऱ्यालाही कधी कधी असं व्हायचं. मग तो एखादं वर्ष नुसता चहा करायचा."

बाबांनी ते ऐकून मान हलवली. पिपाणी त्यांनी बाकावर ठेवली. मी विचारलं, घरी जायचं का? ते म्हणाले, नाही. खाली वाकून त्यांनी पडलेलं रिकामं काडतूस उचललं आणि नाकाशी नेलं. मग मला दिलं. मी वास घेतला आणि एकदम आमच्या मोरीतली ती वेगळी बादली डोळ्यांपुढे उभी राहिली.

"तुमचं काम कसलं होतं?" बाईंनी त्यांना सरळ विचारलं. बस चालवणाऱ्या बाईनं नव्या पोराला कुठे उतरायचं ते विचारावं, तसं.

बाबांनी काडतूस माझ्याकडून परत घेतलं आणि त्याच्या पितळी बुडावरून नख फिरवलं. "हे," ते म्हणाले. "पाखरांसाठी नाही. फौजेसाठी. काडतुसांची पितळेची नुसती नळकांडी यायची माझ्याकडे, त्यांनाच आम्ही डबे म्हणायचो. मी त्यांची कड मोजून तपासायचो. हातात गेज असायचं. कड जराशी जास्त भरली तर रायफल अडकते. रायफल अडकली तर तो पोरगा जातो, ज्याच्या हातात ती आहे."

मी ते बाईंना सांगत होते. ते 'मी' म्हणत होते आणि इंग्रजीत मीही 'मी'च म्हणत होते. मी कड तपासायचे. माझ्या हातात गेज असायचं. लहानपणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच तोंडून ऐकू येत होतं.

"म्हणून मी काम नीट केलं," बाबा म्हणाले. "आणि नीट केलं म्हणजे समोरचा जाणार. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं नाही. पण गेटच्या आत काम, गेटच्या बाहेर घर. तिकडं पुढं काय होते ते पाहायला कोण जाते?"

बाईंनी बंदूक उघडून मांडीवर आडवी ठेवली होती. मग त्यांनी विचारलं, "झोप लागायची तुम्हाला?"

"लागायची," बाबा म्हणाले. "म्हणून तर विचार पडतो."

त्यानंतर बाईंनी आणखी एक बदक पाडलं, न बोलावता आलेलं. बाबांनी तेही शेवटपर्यंत पाहिलं. तोंड फिरवलं नाही.

उन्हं वर आली, भरती लागली, चिखल झाकून गेला. बंदूक गुंडाळून बाईंनी गाडीतून गळ काढला आणि आम्ही शेतकऱ्याच्या लहानशा लाकडी धक्क्यावर गेलो. शरदात इथे काहावाई नावाचे मासे टोळीनं खाडीत शिरतात. बाबांचं बालपण भंडाऱ्याकडच्या तलावांच्या काठी गेलेलं, पण त्यांना ठाऊक होती ती जाळी. गळ त्यांनी पहिल्यांदाच धरला. काहावाई लागला तेव्हा काठी कमानीसारखी वाकली आणि बाबा "अरे बापा, अरे बापा" करत धक्क्यावर मागे मागे सरकायला लागले. मी त्यांचं जॅकेट पाठीमागून घट्ट धरलं.

मासा वर आला, फळ्यांवर आपटायला लागला. बाईंनी एक लहान दांडकं उचललं आणि विचारलं, मी करू?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "कुठं मारायचं ते दाखवा म्हणावं," एवढंच म्हणाले. बाईंनी डोळ्यांच्या वर बोट ठेवलं. बाबांनी मासा गुडघ्याखाली धरला आणि एकच फटका दिला. नंतर हात धुवायला खाली पायऱ्यांवर गेले आणि पाण्याकडे बघत तिथेच बसले. मी जाऊ का नको करत राहिले, पण गेले नाही. ते आपणहून वर आले आणि म्हणाले, "आता याला नीट शिजवायला पाहिजे."

संध्याकाळी त्यांनी स्वतः मसाला भाजला, मासा त्यात घोळून तळला. पोलादी छर्रा दाताखाली येऊ नये म्हणून बदकाचा तुकडा न तुकडा चाचपला, आणि सावजीसारखा काळा तिखट रस्सा केला. बाई आल्या, दोन घासांत लालबुंद झाल्या, नाक पुसत पुसत तिसऱ्यांदा वाढून घेतलं. माझी मुलगी मराठी समजते पण बोलते इंग्रजीत. तिनं विचारलं, "आजोबा, तुमच्या रूल्समध्ये हे बसत नाही ना?"

"नाही बसत," बाबा म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. नाही बसत." आणि त्यांनी तिच्या भातावर रस्सा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना नेहमीपेक्षा लांबली. मी दाराबाहेर थोडी थांबले. आत शब्द चालू नव्हते, ते नुसते बसून होते.

नंतर ते बदकांच्या शिकारीला गेले नाहीत. बाईंनीही बोलावलं नाही. पण परतीच्या दिवसापर्यंत दोघं मासे धरायला मात्र जात राहिली, दिवसाउजेडी, बाईंच्या गाडीतून. मी कामावर असायचे, म्हणजे मध्ये भाषा सांगायला कुणीच नव्हतं. त्यांचं काय बोलणं व्हायचं, मला ठाऊक नाही. एकदा संध्याकाळी घरी आले तर बाबा ओट्यापाशी एक चपटा मासा उलटसुलट करत उभे होते. कोकणात लेपा म्हणतात, त्या जातीचा. एक बाजू मातकट, दुसरी पांढरी, आणि दोन्ही डोळे मातकट बाजूला.

"पाहिलं का? याचा एक डोळा जन्मतः इकडं असते," त्यांनी पांढऱ्या बाजूवर बोट ठेवलं. "मग हा मोठा होता होता डोळा हळूहळू चालत तिकडं जाते. मॅडमनं सांगितलं."

"कसं सांगितलं? तुम्हाला कळलं कसं?"

"तिनं हातानं करून दाखवलं ना!" त्यांनी आपल्या एका डोळ्यावर बोट ठेवून ते नाकावरून दुसऱ्या डोळ्याकडे सरकवत नेलं.

माझा विश्वास बसला नाही. मी फोनवर शोधलं. खरं होतं.

नागपूरला परतल्यावर त्यांनी शेजारपाजारच्यांना आणि विहारातल्या मंडळींना ती डोळ्याची गोष्ट सांगितली. फोनवर मला म्हणाले, कुणाला पटतच नाही, फोटो पाठव. मी पाठवला. खाडीवरच्या त्या सकाळबद्दल त्यांनी तिथं कुणाला काही सांगितलं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही. पण आता विचारेन म्हणते.