जीपच्या पोटातलं खारं पाणी

पूर्णेचा पूल ओलांडला आणि जीपच्या बॉनेटमधून वाफ निघू लागली. वैशाखाचं ऊन, शेजारच्या सीटवर माझे सासरे, आणि आम्ही शेगावहून त्यांचं डायलिसिस करून परत येत होतो. डायलिसिस झालं की त्यांच्या अंगात त्राण म्हणून उरत नाही. पायांत गोळे येतात, मान छातीवर पडते. मी गाडी एका बाभळीखाली घेतली. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, काटा कुठं आहे? इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल रेघेच्या पार गेला होता. जरासा वर आहे, मी म्हटलं. त्या वेळी जीप आणि ते, दोघांपैकी एकाचीच काळजी मला झेपणार होती.

ओळखीचा एक ट्रॅक्टर मागून आला, त्यानं दोर बांधून आम्हांला वरवट बकालपर्यंत ओढत आणलं. फाट्यावरच्या मेकॅनिकनं इंजिनातली तेलाची कांडी ओढून पाहिली, तर तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. रेडिएटरचं झाकण उघडून त्यानं जीप चालू करायला लावली आणि आत बुडबुडे उठताना दाखवले.

"ताई, हेड गॅसकेट उडालं," तो म्हणाला. "पाणी आईलात उतरलं. आता इंजिनावरचं हेड उतरवल्याबिगर काही सांगता येत नाही. त्याले तडा गेला असन त खेळ खतम. नसन गेला तरी किती दिवस चालन, याची गॅरंटी नाही."

वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी दुसऱ्या शब्दांत आम्हांला हेच सांगितलं होतं. सासरे तिथंच जुन्या टायरवर बसून ऐकत होते. त्यांना ते आठवलं असेल का, हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहून कळेना, आणि कळेना म्हणून मी जास्तच घाबरले.

माझा नवरा पुण्याला कंपनीत आहे. फोनवर त्यानं दोन वाक्यांत निकाल लावला: जीप भंगारात दे, सोमवार-गुरुवारच्या डायलिसिससाठी भाड्याची गाडी लाव. लांबून सगळंच सोपं दिसतं. तसं त्याचं काही चुकलं नव्हतं. जीप म्हातारी, दरवाजे तारेनं बांधलेले, हॉर्न सोडून सगळं वाजतं असा तिचा गावात लौकिक. पण माझे सासरे दुसऱ्याच्या गाडीत बसत नाहीत, हे त्याला पुण्यात बसून कसं कळावं? डायलिसिसच्या पहिल्या महिन्यात शेजाऱ्यांनी आपली नवी कोरी गाडी दिली होती. परतताना सासऱ्यांना त्या गाडीत उलटी झाली. शेजाऱ्यांनी चकार शब्द न काढता स्वतःच्या हातानं सीट पुसली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून, जायचं तर आपल्या जीपमधून, नाहीतर जायचंच नाही. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणत, तिच्यात एकदाच बसीन.

म्हणजे जीप बंद तर डायलिसिस बंद. त्यापुढचा विचार मी करायचा नाही असं ठरवलं होतं, पण मन कुठं माझं ऐकतं?

त्याच उघड्या ट्रॅक्टरवरून घरी आल्यावर ते बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "पैसा लावू नको काही. भंगारात दे. बुढ्या गाडीत किती जीव घालशीन?"

"मामाजी, गाडीचं बोला," मी म्हटलं.

"गाडीचंच बोलून राह्यलो."

मला इतका राग आला की मी पोळ्या टाकायचं सोडून परसात जाऊन उभी राहिले. याच जीपवर त्यांनी मला गाडी चालवायला शिकवलं. सून स्टिअरिंगवर आणि सासरा बाजूला, म्हणून पारावरच्या लोकांना आठवडाभर विषय पुरला होता. तेव्हा हेच सासरे म्हणाले होते, लोकायचं काय, त्यायले पायी जायचं हाय. आणि आता तेच मला सोडून द्यायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकचा निरोप आला. हेड उतरवलंय, घासून सपाट करायला खामगावला लेथवर पाठवायचंय, तिकडं जाणारी गाडी आता निघतेय, हो की नाही ते सांगा. मी हो म्हटलं. नवऱ्याला विचारलं नाही, सासऱ्यांनाही नाही. त्यांना नंतर सांगितलं. भांडले असते तर मी भांडून घेतलं असतं. त्यांनी तोंडाला कुलूप लावलं आणि माझा जीव टांगणीला लागला.

गुरुवारी मी भाड्याची गाडी दारात आणून उभी केली. ते ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. मी विनवलं, मग ओरडले, मग जे बोलू नये तेही बोलले. ड्रायव्हर हॉर्न देऊन देऊन कंटाळला आणि निघून गेला. दुपारपर्यंत त्यांच्या पायांवर सूज चढली. अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. आडवं झालं की श्वासाचा आवाज यायचा, म्हणून उशी पाठीला लावून बसवलं. त्यातून पाणी मोजून प्यायचं. दिवसभराचं पाणी एका तांब्यात काढून ठेवलेलं असे, आणि ते त्यातून घोटभर घेऊन तोंडात फिरवत बसत. बाहेर असा उन्हाळा आणि घरात तहानलेला माणूस. मी मेथी निवडत होते आणि कान त्यांच्या श्वासाकडे होते. हेडला तडा गेलेला नसू दे, एवढं एकच मी देवाजवळ मागत होते. लोखंडासाठी नवस बोलणारी मी पहिलीच असेन.

शनिवारी मेकॅनिकनं बोलावलं. मी निघाले तर सासरे चप्पल घालून दारात उभे. फाट्यापर्यंतच जायचं होतं, माझ्या स्कूटीवर मागे बसले. हेडला तडा नव्हता. फेसिंग करून ते आरशासारखं सपाट होऊन आलं होतं. पण मेकॅनिकनं रेडिएटर आडवा करून ठोकला, तेव्हा आतून पांढऱ्या खपल्या पडायला लागल्या. मूठभर पडल्या तरी येतच होत्या.

"खारं पाणी टाकत होते का, काका?"

टाकतच होते. रोज सकाळी बोअरच्या पाण्याची बादली घेऊन सासरे स्वतःच्या हातानं रेडिएटर भरायचे, गेली कित्येक वर्षं. आमच्या खारपाणपट्ट्यात सगळेच तसं करतात. माझं माहेर हिवरा आश्रमाकडचं, तिथं विहिरीचं पाणी गोडं. इथं लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी डाळ शिजेना आणि मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. आता प्यायला गोड्या पाण्याच्या कॅन येतात, पण माणसांनाच ते पुरत नाही, तर लोखंडाला कोण देणार? लोखंडाला काय, खारं काय नि गोडं काय, अशी सगळ्यांची समजूत.

सासऱ्यांनी एक खपली उचलली आणि बोटांत चुरली. तेच पाणी ते स्वतः जन्मभर प्याले होते. किडनी त्यानंच गेली असं डॉक्टर कधी ठामपणे म्हणाले नाहीत, रक्तदाबाचं आणि अंगदुखीच्या गोळ्यांचंही बोलले. गावाला मात्र कधीच शंका नव्हती. आम्ही तिघं त्या खपल्यांकडे बघत राहिलो.

मग सासऱ्यांनी विचारलं, "गोडं पाणी टाकलं त टिकन?"

"टिकन, काका. पण गॅरंटी..."

"गॅरंटी कोण मागून राह्यलं बे?" ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा असा खणखणीत आवाज ऐकून मला रडूच आलं. मी हेड बघायचं निमित्त करून पाठ फिरवली.

सोमवारी सकाळी जीप दारात आली. मेकॅनिकनं नवा रेडिएटर बसवला होता, कूलंटची बाटली दिली होती आणि वरून गोडं पाणी घालायला सांगितलं होतं. सासरे दवाखान्याच्या पिशवीसकट बाहेर आले. येणार का, हे मी भीतीनं विचारलंच नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातली पिण्याच्या पाण्याची कॅन मागितली. एकट्याला उचलेना, म्हणून मी खालून हात लावला. पाणी घटाघट आत जाऊ लागलं. ते अगदी जवळ वाकून ऐकत होते, ओठांवर साल निघालेली, आणि प्रत्येक घोटाबरोबर त्यांचा कंठ वरखाली होत होता. काठाशी पाणी दिसायला लागलं तशी मी म्हटलं, पुरे, मामाजी.

"पिऊ दे त्याले," ते म्हणाले. "त्याले काही मोजून प्यायचं नाही."

पाणी काठावरून वाहायला लागलं तेव्हा त्यांनी झाकण लावलं, ओला हात तोंडावरून फिरवला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "चाल बाई, नंबर निघून जाईन."